मोगरा आत्ता, जास्वंद शिवरात्रीनंतर, आंबा मुळीच नको

माळी मिळालाय, तर आंबा, मोगरा, जास्वंद, पारिजातक, लिंबू सगळं वसंत पंचमीआधी एकाच दिवशी छाटून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून एका दिवसात उरकू नका.

आपल्या नाशिकच्या द्राक्षाचंच बघा. एकाच वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पहिली काडी तयार करण्यासाठी, दुसरी घडासाठी. अंगणातल्या झाडांनाही हाच हिशेब लागू आहे. फूल नव्या फुटीवर येतं की आधीच्या काडीवर, हे बघून कात्री उचलायची.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तो आत्ताच घ्या. आठवडाभर पाणी तोडा, निम्म्यापर्यंत छाटा, उरलेली पानं काढा, मग बुडाशी माती मोकळी करून शेणखत आणि भरपूर पाणी द्या. पारिजातकाचा बहर संपलाय, तोही चालेल. जास्वंदाला मात्र थांबा. कोवळी फूट इथल्या थंडीत करपते. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की तिसरा हिस्सा उतरवा. लिंबाची फक्त वाळकी काडी आणि बुडातून सरळ उठलेले फुटवे (पाणसोट) काढा.

आंब्याला हात लावू नका. मोहर काडीच्या शेंड्यावर येतो. आत्ता शेंडे उडवले तर यंदाचे आंबे गेले. मी एका जानेवारीत गच्चीवर आलेली फांदी तोडली होती. त्या बाजूला फळ नाहीच, वर ठेवलेला खुंट कुजत खोडात गेला. ते अजून मनाला लागतं. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर करा.

जाड फांदी एका घावात कापली की पडताना खोडाची साल सोलते. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, थोडं पुढे वरून दुसरा. वजन उतरलं की खुंट काढा, पण फांदीच्या बुडाशी असलेलं फुगीर कडं राखून. जखम तिथूनच भरते. त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप लावा: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसायला माळ्याला आवर्जून सांगा.

शहरात झाडतोडीला १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, तेव्हा मोठी फांदी असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारा. आणि कापण्याआधी फांदीत घरटं नाही ना, तेवढं बघा.