आराखड्यात नसलेला रकाना

नागपूर

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. दसरा-दिवाळीच्या मोहिमेचा माध्यम-आराखडा तुझ्याकडे सोपवला गेला आहे आणि तो ‘पर्यावरणपूरक’ असावा अशी तुझ्या व्यवस्थापकांची अपेक्षा आहे, हे वाचून बरे वाटले. मात्र होर्डिंग, वर्तमानपत्र, रेडिओ, एलईडी पडदा आणि मोबाइल यांपैकी सर्वांत पर्यावरणपूरक माध्यम कोणते, या तुझ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. माध्यम किती घेतले, किती दिवस ठेवले, ज्यांचा आपल्या मालाशी काडीचा संबंध नाही अशा किती लोकांपर्यंत ते उगाच पोहोचवले आणि मोहीम संपल्यावर त्याचे काय झाले, यावर त्याचा भार ठरतो. आपल्या तक्त्यात ठिकाण, आकार, कालावधी, दर, अंदाजे पोहोच असे सगळे रकाने असतात. उतरवलेले साहित्य कुठे जाणार याचा रकाना मात्र मी ज्या कंपन्यांचे तक्ते हाताळले त्यांपैकी एकाही तक्त्यात नव्हता. तो तू स्वतः आखून घे आणि दर ठरवण्याच्या आधी भर.

सुरुवात फ्लेक्सपासून कर, कारण तुझ्या अंदाजपत्रकातला मोठा वाटा तिकडेच जाणार आहे. ज्याला आपण फ्लेक्सचे कापड म्हणतो, ते पॉलिएस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी या प्लास्टिकचा थर चढवून केलेले असते. हे दोन पदार्थ एकमेकांपासून सुटे करणे परवडत नाही, म्हणून कबाडी त्याला भाव देत नाही. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. असे कापड उघड्यावर जाळले की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो आणि कमी तापमानाच्या त्या आगीत डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात. भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आगी लागतात, हे नागपूरकराला नव्याने सांगायला नको. त्या आगीत जे जळते त्यात आपण छापलेला माल किती, हे कोणी मोजत नाही.

आता साधा हिशेब मांड. चाळीस बाय वीस फुटांचे एक होर्डिंग म्हणजे आठशे चौरस फूट, साधारण 74 चौरस मीटर. कापड 340 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 340 ग्रॅम वजनाचे असेल, तर एका फलकाचे वजन सुमारे 25 किलो भरते. शहरात वीस जागा घेतल्या आणि दसऱ्याला एक व दिवाळीला दुसरे असे दोनदा डिझाइन बदलले, तर चाळीस फलक, म्हणजे एक टन कापड झाले. त्यात विजेच्या खांबांवरचे छोटे फलक आणि दुकानांबाहेरचे स्टँडी धरलेलेच नाहीत. यातला अर्धा टन केवळ ‘दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा’च्या जागी ‘शुभ दीपावली’ असे लिहिण्यासाठी खर्ची पडतो, कारण डिझाइन करणाऱ्याला आपल्या एका ओळीचे वजन कोणी सांगितलेले नसते. म्हणून डिझाइनच्या पहिल्याच बैठकीला जाऊन बस. मुख्य चित्र दोन्ही सणांना चालेल असे करून घे, तारीख आणि सवलतीचा आकडा खालच्या पट्टीत ठेव आणि सण बदलला की तेवढीच पट्टी बदल. कापडाच्या वजनातली सर्वांत मोठी बचत या बैठकीत होते. छापखान्यात पोहोचेपर्यंत बरेच हातातून निसटलेले असते.

विक्रेता तुला सांगेल की आमचे कापड कायद्यात बसते, आणि ते खरेही असेल. केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत प्लास्टिकचे व पीव्हीसीचे बॅनर आहेत. पण ते 100 मायक्रॉनपेक्षा पातळ असलेले. होर्डिंगचे कापड त्याहून बरेच जाड असते आणि त्यामुळे ही बंदी त्याला लागू होत नाही. म्हणजे पातळ, हलके बॅनर बंद झाले आणि जाड, जड सुटले. हे विचित्र आहे, पण कायद्यात बसते एवढ्यावर समाधान मानू नकोस.

पर्याय म्हणून पॉलिएथिलीनचे कापड मिळते. ते एकाच पदार्थाचे असल्याने वितळवून पुन्हा वापरता येते, अट एवढीच की ते कोणीतरी वेगळे गोळा करून नेले पाहिजे. ‘कापडी बॅनर’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा पॉलिएस्टर असते. सुती असेल तर पावतीवर तसे लिहून मागायचे. मेट्रोच्या डब्यांवर किंवा बसवर चिकटवायचे व्हिनाइल हेही पीव्हीसीच असते आणि वर गोंद असतो, म्हणून ‘मेट्रोवर जाहिरात म्हणजे हिरवी जाहिरात’ हा युक्तिवाद बैठकीत आला तर हसून सोडून दे. जुने फ्लेक्स झोपडीच्या छपरावर, कॉटन मार्केटच्या हातगाड्यांवर किंवा धान्याच्या पोत्यांवर घालायला लोक नेतात. तो उपयोग खरा आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात ऊन त्याला तडकवते आणि दोनेक हंगामांनी त्याच्या चिंध्या त्याच गल्लीतल्या नालीत जातात. कंपनीने ‘आम्ही फ्लेक्स गरिबांना वाटतो’ असे म्हणून हात झटकावेत, इतका तो उपाय पुरेसा नाही.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: खरेदी आदेशात लिहून घेणे. अमुक तारखेपर्यंत फलक उतरवायचा, उतरवलेल्या कापडाचे वजन करायचे, ते कोणाकडे दिले त्याची पावती जोडायची आणि ती पावती आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही. विक्रेता आधी कुरकुर करील, मग उतरवण्याचा वेगळा दर लावील. तो दर दे. आजवर तो खर्च कोणीच देत नव्हते, म्हणूनच फ्लेक्स स्वस्त वाटत आला आहे.

तुझे व्यवस्थापक म्हणतील, आणि डिसेंबरात तर नक्कीच म्हणतील, की हिवाळी अधिवेशनात विमानतळापासून विधानभवनापर्यंत स्वागताचे फलक लागतात, त्यात आपल्या वीस फलकांनी काय बिघडणार? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण त्या फलकांचा आदेश तू काढत नाहीस, या वीस फलकांचा काढतेस. शिवाय विनापरवाना लावलेल्या फलकांच्या रांगेत आपल्या कंपनीचे नाव दिसावे, असे त्यांनाही वाटणार नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे. प्रत्येक जागेचा महापालिकेचा परवाना आणि सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला मागितल्याशिवाय जागा पक्की करू नकोस. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेले होर्डिंग परवानगीच्या आकारापेक्षा कितीतरी मोठे होते आणि त्याखाली 17 माणसे गेली. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीचे वादळी वारे काही कमी नसतात. फलक नीट दिसावा म्हणून झाडाच्या फांद्या छाटून द्यायला जो जागामालक तयार होतो, त्याची जागा यादीतून काढून टाक. झाडाला खिळा ठोकून लावायच्या पाट्या तर मुळीच नकोत, कारण सालीला झालेल्या जखमेतून बुरशी आत शिरते.

एलईडी पडद्यांविषयी तू उत्साहाने लिहिले आहेस. छपाई नाही, कापड नाही, डिझाइन हवे तेव्हा बदलता येते, हे सगळे खरे; पण पडदा विजेवर चालतो आणि आपल्याकडे ती वीज प्रामुख्याने कोळशातून येते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या शहरातून दिसतात आणि त्यांची राख आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. वीस बाय दहा फुटांचा पडदा सरासरी दर चौरस मीटरला 250 वॅट घेतो असे धरले, तर सोळा तासांत तो 74 युनिट खातो, महिन्याला सुमारे 2,200 युनिट. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका पडद्यामागे महिन्याला दीड टन. तो भार सात-आठ जाहिरातदारांत वाटला जातो हे मान्य, पण रात्री बारानंतर तो पडदा पाहायला रस्त्यावर किती माणसे असतात? विक्रेत्याला दोन प्रश्न विचार: अंधार पडल्यावर प्रकाशाची तीव्रता आपोआप कमी होते का, आणि रात्री पडदा किती वाजता बंद होतो. रात्री दिवसाच्या तीव्रतेचा लहानसा अंश पुरतो. त्याहून जास्त प्रकाश समोरच्या घरांतल्या लोकांच्या डोळ्यांत जातो. या प्रश्नांना उत्तर नसेल, तर पडदा कितीही आधुनिक असला तरी तो घेण्यात अर्थ नाही.

मोबाइलवरच्या जाहिरातींना ‘कागद लागत नाही’ म्हणून सरसकट स्वच्छ मानण्याची चूक फार जण करतात. एक जाहिरात पडद्यावर उमटण्याआधी तिच्या जागेचा लिलाव होतो आणि त्या क्षणभराच्या लिलावात कितीतरी सर्व्हरांना विचारणा जाते. बोली एकाचीच लागते, वीज मात्र सगळ्यांची जळते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेने 2023 मध्ये आपल्या सदस्यांचा या प्रकारचा खर्च तपासला, तेव्हा जाहिरात पडद्यावर दिसण्याच्या एकूण वेळांपैकी 21 टक्के वेळा आणि 15 टक्के पैसा केवळ जाहिराती दाखवण्यासाठीच उभारलेल्या संकेतस्थळांवर गेल्याचे आढळले. तिथे वाचक नसतो, मजकूर रद्दड असतो, आणि एका पानावर डझनभर चौकटी लुकलुकत असतात. आपल्या पैशाने चालणारा हा उकिरडा डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फ्लेक्सशी त्याचा फरक. एजन्सीला हजारो संकेतस्थळांची मोकळीक देऊ नकोस. जिथे आपला ग्राहक खरोखर वाचतो अशा शेपन्नास ठिकाणांची यादी ठरवून दे. व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देऊ नकोस, त्याची लांबी आणि फाइलचा आकार कमी ठेव. मोबाइल डेटा वापरणाऱ्या ग्रामीण ग्राहकावरही तो उपकारच होईल. इथे पर्यावरणाचा आणि कंपनीच्या तिजोरीचा हिशेब एकाच बाजूला येतो, तेव्हा व्यवस्थापकांशी बोलताना सुरुवात याच मुद्द्याने केलीस तर पुढचे सोपे जाईल.

वर्तमानपत्राला उगाच घाबरू नकोस. आपल्याकडे रद्दीवाल्यांची साखळी इतकी पक्की आहे की छापलेला अंक महिनाभरात तराजूवर चढतो आणि पुन्हा लगद्यात जातो. अडचण अंकात घालून वाटल्या जाणाऱ्या गुळगुळीत पत्रकांची असते. प्लास्टिकचे लॅमिनेशन केलेला कागद लगद्याच्या कामाचा राहत नाही, म्हणून लॅमिनेशनला स्पष्ट नकार दे, आणि इतवारीच्या ठोक व्यापाऱ्यांसाठी असलेले पत्रक धरमपेठेतल्या घराघरांत टाकू नकोस. कागद कुठून येतो हे विदर्भातल्या माणसाला तरी माहीत असायला हवे: बल्लारपूरच्या गिरणीला इथल्याच जंगलांतला बांबू लागत आला आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क 2011 मध्ये मिळाला, तोही दीर्घ झगड्यानंतर. पत्रकांची संख्या ठरवताना एक शून्य सहज वाढवण्यापूर्वी हे आठवले तर वाईट नाही.

रेडिओबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. प्रक्षेपण तसेही चालूच असते आणि मागे वस्तू उरत नाही, म्हणून ज्या संदेशाला चित्राची गरज नाही तो तिथे द्यावा. ऑटोवर भोंगा लावून गल्लोगल्ली फिरणारी जाहिरात मात्र मी टाळीन. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि तो भोंगा ती पाळत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

तालुक्याच्या गावांसाठी मी आजही रंगवलेल्या भिंतीला पसंती देईन. ती दोन-तीन वर्षे टिकते, उतरवावी लागत नाही आणि फ्लेक्स आल्यावर ज्यांचे काम गेले अशा एखाद्या पेंटरला त्यातून मजुरी मिळते. घरमालकाची लेखी संमती घे आणि रंगाचा डबा स्वतः पाहा. सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. सुटा, बिनलेबलचा पिवळा किंवा लाल रंग शाळेजवळच्या भिंतीवर तर नकोच.

शेवटी तुझ्या पत्रातल्या त्या ओळीबद्दल. प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात हिरवे पान काढून ‘पर्यावरणपूरक मोहीम’ असे छापावे, ही सूचना वरून आली असल्याचे तू लिहिले आहेस. तिला विरोध कर, आणि विरोधाला आधार हवा असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे दाखव: असे मोघम शब्द वापरायचे तर नेमका खुलासा आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे याच विषयावरचे नियमही त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाले. तुमची कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध नसली, तरी तुमचा माल घेणाऱ्या मोठ्या साखळ्यांपैकी काहींना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे दरवर्षी शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि उद्या त्या तुमच्याकडे आकडे मागतील. तेव्हा हिरवे पान कामाला येणार नाही. उतरवलेल्या कापडाच्या वजनाच्या पावत्या येतील. व्यवस्थापकांना लोकांना काही सांगायचेच असेल, तर ‘दोन्ही सणांना आम्ही एकच फलक वापरला’ एवढे वाक्य खरे आहे आणि ते पट्टीवर मावते. फक्त तेवढ्यासाठी वेगळा फ्लेक्स छापू नये.

कळावे,
तुझा हितचिंतक