गुडघा नुकताच कुरकुरायला लागलाय ना? मग एवढं करा

ताई, गुडघ्याच्या एक्सरेत "गॅप कमी" (म्हणजे झिजेमुळं गुडघ्याच्या हाडांमधली जागा कमी) लिहिलंय म्हणून एवढं घाबरू नका, माझ्या एक्सरेत ९ वर्षांपूर्वीच लिहिलं होतं आणि मी आजही सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला जाते. एक्सरे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही.

सुरुवातीला दोनच गोष्टी:

१. मांडीचा पुढचा स्नायू. खुर्चीत ताठ बसा, एक पाय समोर सरळ करा, पंजा आपल्याकडं ओढा, ५ आकडे मोजा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी १०-१० वेळा. मी चहा उकळेपर्यंत उरकते, वेगळा वेळ कुठनं काढणार?

२. वजन. १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं हलका होतो. शेंगा चटणीवर तेल हात राखून घ्या (हे मलाच जमत नाही, सोडा).

चुका म्हणाल तर सगळ्यात मोठी, दुखतंय म्हणून पडून राहणं. मी दोन महिने पडून राहिले, मांडी बारीक झाली अन् जिना जास्तच अवघड झाला. दुसरी चूक याच्या उलट, पहिल्याच दिवशी ५ किलोमीटर चालणं. चालताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर अंतर कमी करा. आणि मेडिकलमधनं मनानं पेनकिलर आणून रोज खाऊ नका, पोट अन् किडनीला महागात पडतं.

गुडघा एकदम सुजला, गरम लागला, ताप आला किंवा मध्येच अडकला तर मात्र लगेच डॉक्टर. इंजेक्शन, ऑपरेशनचं आत्ता डोक्यात घेऊ नका, सहा आठवडे खुर्चीचा व्यायाम करून मग सांगा.