अडाणी मतदारांवर राजकीय जाहिरातींचा किती परिणाम होतो आणि त्यांना त्यापासून कसे वाचवता येईल?

परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. परंतु तुमच्या प्रश्नातल्या ‘अडाणी’ या शब्दापाशी मी थांबलो, कारण हाच शब्द 2014 च्या दिवाळीत आमच्या घरात माझ्या आईसाठी वापरला गेला होता आणि त्यानंतर जे घडले ते मला अजून विसरता आलेले नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे. आधी ट्रेडल, नंतर ऑफसेट आणि आता डीटीपी व फ्लेक्स असा पस्तीस वर्षांचा हा व्यवसाय आहे. हँडबिले, कार्यअहवाल, डमी म्हणजे नमुन्याच्या मतपत्रिका, बिल्ले हे सगळे मी अनेक निवडणुकांत छापले आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता असलाच पाहिजे, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 127-अ मध्ये सांगितले आहे आणि त्याचे प्रतिज्ञापत्र आम्ही नियमाने घेतो. मात्र इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या मालात मतदारावर सर्वांत खोल परिणाम करणारी वस्तू कोणती, असे विचाराल तर ती यांपैकी एकही नाही. ती म्हणजे पुढाऱ्याच्या फोटोची दिनदर्शिका. उमेदवाराचा खर्च कायद्याने अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतचाच मोजला जातो. 2014 मध्ये विधानसभेसाठी या खर्चाची मर्यादा 28 लाख रुपये होती, 2022 पासून ती 40 लाख आहे; पण डिसेंबरात छापून जानेवारीत घरोघरी पोचलेली दिनदर्शिका ऑक्टोबरातल्या निवडणुकीच्या हिशेबात येण्याचा प्रश्नच नसतो.

2013 च्या डिसेंबरात विधानसभेची तयारी करणाऱ्या एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी माझ्याकडे 10 हजार दिनदर्शिकांची ऑर्डर दिली. तिकीट कोणत्या पक्षाचे मिळेल हे नक्की नव्हते, म्हणून तिच्यावर चिन्ह घ्यायचे नव्हते. मी केलेल्या पहिल्या प्रूफात नाव ठळक आणि फोटो बेताचा होता. ते पाहून त्यांच्यातला एक अनुभवी माणूस म्हणाला, “नाव बारीक चालंल, तोंड मोठं घ्या. बायामाणसं नाव वाचत न्हाईत, तोंड बघतात.” त्याप्रमाणे सहाही पानांवर हात जोडलेला एकच फोटो वरच्या अर्ध्या भागात घेतला आणि खाली महिने बसवले. माल गेल्यावर उरलेल्यांतली एक दिनदर्शिका मी स्वतः गावी नेली आणि स्वयंपाकघरात दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

आमची माय शाळेत कधी गेली नव्हती. 1972 च्या दुष्काळात तिने रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती आणि 1967 पासून एकही मतदान चुकवले नव्हते. तिला अक्षर येत नव्हते, पण दिनदर्शिका तिला पुरती वाचता येत असे. चतुर्थीच्या चौकटीतला इवलासा गणपती, पौर्णिमेचे पांढरे वर्तुळ आणि अमावास्येचे काळे वर्तुळ यांवरून ती उपासतापास आणि सणवार बिनचूक सांगत असे. दुधाचा हिशेब ती त्याच चौकटींमध्ये कोळशाने ठिपके देऊन ठेवी. म्हणजे दिवसातून निदान दोन वेळा ती त्या भिंतीपुढे उभी राहत होती आणि दोन्ही वेळा तो हात जोडलेला चेहरा तिच्यासमोर होता. जानेवारी ते ऑक्टोबर हे असे चालले.

त्या वर्षी 25 सप्टेंबरला भाजप-शिवसेना युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी एकाच दिवशी तुटली आणि मतदान 15 ऑक्टोबरला होते. तीन आठवडेसुद्धा नव्हते. वर्षानुवर्षे ज्या जोड्या लोकांच्या डोक्यात बसलेल्या होत्या त्या मोडल्या, आमच्या मतदारसंघात मुख्य पक्षांचे चार उमेदवार समोरासमोर आले आणि टीव्हीवर जाहिरातींचा नुसता मारा सुरू झाला. भाजपच्या जाहिरातीतले “कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा” हे वाक्य तर लहान पोरांच्याही तोंडी झाले होते. संध्याकाळच्या मालिका पाहता पाहता ते मायच्याही तोंडात बसले. डब्याचे झाकण सापडले नाही की ती म्हणायची, “कुठं नेऊन ठेवलंय झाकण माझं.” ते वाक्य कोणत्या पक्षाचे आहे, कोणाला उद्देशून आहे, याची तिला काहीही कल्पना नव्हती.

निकाल 19 तारखेला लागला आणि दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, दिवाळीला आले. ते तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालयात प्राध्यापक होते. मायच्या तोंडचे ते वाक्य ऐकून त्यांनी धरून चालले की टीव्हीने हिचे डोके फिरवले. फराळाला बसलो असताना त्यांनी तिला विचारले, “मत कोणाला दिलंस?” ती आधी सांगेना. मग तिने सांगितले. ज्या पक्षाचे वाक्य तिच्या जिभेवर होते त्याला ते मत गेलेच नव्हते. ते गेले होते कॅलेंडरवाल्या साहेबांना. मतदानयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र तेव्हा नसे, ते 2015 पासून आले. परंतु मतदानाच्या चार दिवस आधी कार्यकर्त्यांनी तोच फोटो आणि शेजारी चिन्ह असलेली चिठ्ठी घरोघर वाटली होती आणि तेवढा दुवा तिला पुरेसा होता.

दादांनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि म्हणाले, “कॅलेंडर बघून मत देणाऱ्या अडाण्यांच्या हातात या देशाचा कारभार आहे. यांना मताचा अधिकारच नको होता.” माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने उत्तर दिले. “मंग काय करू रे? तुम्ही दोघं शिकलेले लेकरं, तुम्ही तर मला काही सांगितलं न्हाई. बाकीच्यांचं तोंडबी मी पाहिलं न्हाई. ज्याचं रोज पाहिलं, त्याला दिलं.”

पुढे 2019 मध्ये लोकसभेच्या मतदानाला, 18 एप्रिलला, मी तिला न्यायला गावी गेलो तर ती उठली नाही. “माझ्यानं चुकतंय, तुम्हीच द्या,” एवढेच म्हणाली. बावन्न वर्षांत न चुकलेले मतदान चुकले. त्याच ऑक्टोबरात विधानसभेलाही ती गेली नाही. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मायवर जाहिरातीचा परिणाम झाला, हे मी नाकारत नाही. ती दिनदर्शिका छापणारा मीच आहे. परंतु तो परिणाम कसा झाला ते नीट पाहिले पाहिजे. तिचे आधीचे मत कोणी बदलले नाही, कारण तिच्यापाशी त्या चौघांविषयी मत नव्हतेच. तिथे रिकामी जागा होती आणि त्या जागेत सतत दिसणारा एक चेहरा येऊन बसला. एखादी गोष्ट नुसती वारंवार डोळ्यांपुढे आली तरी ती आपल्याला बरी वाटू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. मोठ्या आवाजाची टीव्हीवरची जाहिरात मात्र तिच्या जिभेपर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या 2006 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत कोणत्या भागात टीव्हीवर किती जाहिराती केव्हा दाखवायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून अभ्यास झाला, तेव्हा पाठिंबा लगेच वाढलेला दिसला, पण साधारण आठवडाभरात तो बहुतांशी ओसरला. भिंतीवरची दिनदर्शिका ओसरत नाही, कारण ती रोज नव्याने दिसते.

हे सगळे मी वाचले ते दादांशी असलेला वाद मनातून जात नव्हता म्हणून. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या अभ्यासकांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या 49 प्रयोगांची एकत्र छाननी केली आणि सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मत वळण्याचे सरासरी प्रमाण जवळजवळ शून्य असल्याचे सांगितले. पण त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जिथे मतपत्रिकेवर पक्षाचा आधार नसतो, म्हणजे एकाच पक्षातल्या इच्छुकांमधून उमेदवार निवडायचा असतो किंवा एखाद्या प्रस्तावावर मत द्यायचे असते, तिथे प्रचार मते वळवू शकतो. युती-आघाडी मोडलेल्या 2014 मध्ये माझ्या मायची स्थिती नेमकी तीच होती.

दादांची स्थितीही पुढच्याच वर्षी तीच झाली. 2015 च्या एप्रिलमध्ये औरंगाबाद महापालिकेची निवडणूक झाली. मतदानानंतर मी त्यांना फोनवर विचारले की तुमच्या वॉर्डात कोण कोण उभे होते. त्यांना एकच नाव सांगता आले. तो माणूस काय करतो, त्याचा आधीचा कारभार कसा होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याचा फ्लेक्स त्यांच्या महाविद्यालयाच्या वाटेवरच्या चौकात दोन महिने होता. मत कोणाला दिले, असे विचारल्यावर ते म्हणाले, “त्यालाच, जरा ओळखीचा वाटला.” हे त्यांनी अगदी सहज सांगितले, त्यांना त्यात मायची आठवण झाली नाही. डॉक्टरेट असलेला माणूस वॉर्डाच्या निवडणुकीत कॅलेंडरपुढे उभ्या असलेल्या मायइतकाच कोरा असतो, फक्त त्याला ‘अडाणी’ म्हणणारे घरात कोणी नसते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की माहिती नसलेला मतदार ही माणसांची वेगळी जात नाही. प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या निवडणुकीत त्या जागी उभा असतो.

चिन्हांच्या बाबतीतही हेच दिसते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, फेब्रुवारीत, शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळाले आणि बीडचे मतदान 13 मे रोजी होते. अडीच-तीन महिन्यांत सभा, गाणी आणि फलक यांतून ‘तुतारी’ हा शब्द घरोघर गेला. त्याच निवडणुकीत एका अपक्षाला पिपाणीचे चिन्ह मिळाले होते आणि आयोगाच्या मराठी यादीत त्या चिन्हाचे नाव ‘तुतारी’ असेच होते. बीडमध्ये विजयाचे अंतर 6,553 मतांचे राहिले आणि त्या अपक्षाला 54 हजारांवर मते पडली. त्यांतली किती चुकून पडली हे कोणी मोजू शकत नाही; परंतु प्रचाराने शब्द पोचवला आणि चित्र पोचवले नाही, हे मला छापखान्यात बसून दिसत होते. डमी मतपत्रिका नीट, मोठ्या आकारात छापून घ्या, असे मी त्या हंगामात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो.

इथे दोन-तीन गोष्टी जोडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. अमेरिकेतले निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणत नाही; आपल्याकडे जात, भावकी आणि गावातल्या गटांचे वजन जाहिरातीपेक्षा जड असते आणि पैशांचे वाटप हा तर वेगळाच विषय आहे. माझा अनुभव कागदाचा आहे. मोबाईलवर कोणाला काय दाखवायचे हे निवडून दाखवता येते, शेजाऱ्याला काय दिसले ते आपल्याला कळत नाही, आणि मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत सभा व टीव्हीवरचा प्रचार थांबला तरी व्हॉट्सॲपच्या गटांत तो चालूच राहतो. शिवाय, या धंद्यावर माझे घर चालले आहे, हेही वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

वाचवायचे कसे, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की जाहिरात बंद करून काही साधणार नाही; रिकामी जागा भरली पाहिजे, आणि ती घरातल्या माणसानेच भरली पाहिजे. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना 26 मधले शपथपत्र देतो. त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले लिहिलेले असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. आपल्या घरात वाचता न येणारे कोणी असेल तर मतदानाच्या आधीच्या रविवारी त्यांच्याजवळ बसा, प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे मोठ्याने वाचून दाखवा, चिन्हांची चित्रे दाखवा आणि मग गप्प बसा. कोणाला द्यायचे ते सांगू नका, दिले कोणाला ते विचारू नका. आकडे त्यांना कळत नाहीत, असे समजू नका. जी बाई कोळशाच्या ठिपक्यांवर महिन्याचे दूध मोजते, तिला पाच वर्षांत कोणाची जमीन किती वाढली हे सांगितल्यावर कळते.

या कामाला अर्धा तास लागतो. 2014 मध्ये ती शपथपत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर होती, माझ्या छापखान्यात इंटरनेट होते आणि दादांच्या महाविद्यालयातही होते. तो अर्धा तास मायजवळ मी बसलो नाही आणि दादाही बसले नाहीत. माझ्या बाजूचे मी इथे लिहिले आहे. दादा हे उत्तर वाचतील, कारण ते या विषयावरचे सगळे वाचतात. त्यांनी त्यांच्या बाजूचे एकदा मान्य करावे, एवढेच मला दहा वर्षांपासून त्यांना सांगायचे आहे.