दंतशंका : स्क्रू हाडात रुजायला वेळ लागतो

खालची उजवी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. वय ५२, मधुमेह आहे. एक डॉक्टर ब्रिज सुचवतात, दुसरे इम्प्लांट. ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशीही जाहिरात पाहिली. काय करावे?
*एक वाचक, सातारा*

आधी शेजारच्या दोन दातांकडे बघा. ब्रिज म्हणजे त्या दोन दातांवर कॅप चढवून मधे जोडलेला दात, त्यासाठी ते दोन्ही चहूबाजूंनी घासावे लागतात. त्यांना कधी साधे सिमेंटही भरावे लागले नसेल, तर धडधाकट दात घासणे म्हणजे नुकसानच. पण त्यांचे रूट कॅनल झालेले असेल आणि कॅप बसवायचीच असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा पर्याय आहे, आणि दोन-तीन खेपांत काम उरकते.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर पुढे कॅप बसते. ते ठरवलेत तर आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय चित्र) करून घ्या. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी साधारण निम्म्यावर येऊ शकते, त्यातही बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. तुमची तर दोन वर्षे गेली आहेत. ४ मिमी जाडीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी किमान १ मिमी, गालाकडच्या बाजूला शक्यतो त्याहून जास्त हाड लागते. म्हणजे ६ मिमी तरी रुंदी हवी. कमी असेल तर हाडाची भर घालावी लागते आणि मुदत काही महिन्यांनी वाढते. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून २ मिमी अंतर राखायचे असते, आणि साध्या एक्स-रेवर हे अंतर नेमके मोजता येत नाही. इंजेक्शनचा अंमल उतरल्यावरही खालचा ओठ आणि हनुवटी बधिरच राहिली, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो पहिल्या दीड दिवसात मागे घेण्यातच फायदा असतो.

बसवताना हिरडी बाजूला करून २ मिमीच्या ड्रिलने भोक पाडतात आणि एकेक जाड ड्रिल वापरत ते मोठे करतात. त्यावर सलाइनची धार सतत हवी, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापले तरी मरते आणि मेलेल्या हाडात स्क्रू रुजत नाही. बोथट ड्रिल आणि घाई, दोन्ही इथेच नडतात. स्क्रू साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर जोराने घट्ट बसला की पकड चांगली समजतात.

आता ‘तीन दिवसां’बद्दल. सुरुवातीची पकड ही लाकडात खिळा धरतो तशी असते. पुढे स्क्रूलगतचे जुने हाड विरघळते आणि नवे त्याची जागा घेते. या उलाढालीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पकड सर्वांत ढिली असते. नेमके तेव्हा चावल्यामुळे स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या हिश्शाइतका जरी हलत राहिला, तरी त्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊतक तयार होते. मग तो वर्षभर ठेवला तरी पक्का होत नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला संशोधक ब्रेनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हाही महिनोन्‌महिने थांबण्याचीच पद्धत होती. आज खालच्या जबड्यात तीन महिने आणि वर चार ते सहा महिने पुरतात. जाहिरातीतले झटपट दात सहसा बरेच स्क्रू एका पट्टीने जखडून बसवलेले असतात. तुमच्या एकट्या दाढेला तो आधार मिळणार नाही. तिथे थांबणेच बरे.

मधुमेहाचे म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा. आकडा ७ च्या आसपास असेल तर अडचण नाही. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा.

आईची (वय ७१) खालची कवळी बोलताना उचलली जाते, वरची मात्र नीट बसते. सगळे दात इम्प्लांटचे करायचे का?
*एक वाचक, कोल्हापूर*

गरज नाही. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही, शिवाय जीभ तिला सतत ढकलते. खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवून त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी करतात. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने खालच्या जबड्यासाठी हीच पहिली पसंती ठरवली होती. नसेचे तोंड सुळ्याच्या जागेच्या मागे असते, त्यामुळे तो धोकाही कमी. बटणातली नायलॉनची चकती झिजते आणि पकड सैल होते. ती बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे. रात्री कवळी काढूनच झोपावे.

एक गोष्ट मात्र न विसरता सांगा : आई हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला गोळी किंवा वर्षाला इंजेक्शन घेतात का? काही वेळा या औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. पेशंट ‘ते तर गुडघ्याच्या डॉक्टरांचे औषध’ म्हणून नाव घेत नाहीत, आणि तिथेच घोटाळा होतो. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

चार वर्षांपूर्वीच्या इम्प्लांटची कॅप किंचित हलते. हिरडीतून रक्त येते, पण दुखत काहीच नाही.
*एक वाचक, पुणे*

न दुखणे ही इथे चांगली खूण नाही. नैसर्गिक दाताभोवतीचा धाग्यांचा पडदा दाब लगेच कळवतो, इम्प्लांटभोवती तो नसतो. नुसती कॅप हलत असेल तर बहुधा आतला छोटा स्क्रू सैल झाला आहे. तो पुन्हा आवळता येतो, पण तोवर त्या बाजूने चावू नका, नाहीतर स्क्रू आतच तुटतो. हाडातला स्क्रूच हलत असेल तर तो काढावाच लागतो.

रक्ताची कारणे बहुधा दोन. एक, कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंट. दुसरे, कॅपचा आकार : स्क्रूचा गळा चार-पाच मिमीचा आणि दाढ दहा मिमी रुंद, त्यामुळे खाली वळचण तयार होते आणि तिथे घास अडकतो. नुसत्या टूथब्रशने तो निघत नाही. रोज रात्री दोन्ही बाजूंनी इंटरडेंटल ब्रश फिरवा. हाड झिजले आहे का, हे बसवतानाच्या एक्स-रेशी ताडून बघता येते. सूज फक्त हिरडीत असेल तर सफाईने उतरते, पण गेलेले हाड सहजी परत येत नाही. मिश्री लावत असाल किंवा तंबाखू खात असाल, तर आधी ते सोडा.

मी डब्लिनला असतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत भारतात इम्प्लांट करून घेता येईल?
*एक वाचक*

स्क्रू बसवणे आणि टाके काढणे तेवढ्यात होईल. कॅप पुढच्या खेपेला. निघताना इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर मागून घ्या : कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा असतो, आणि ते स्टिकर नसेल तर तिकडच्या डॉक्टरांना नुसती कॅप आवळणेही अवघड जाते. बिलात स्क्रू, वरचा जोडभाग, कॅप, स्कॅन आणि लागल्यास हाडाची भर हे वेगवेगळे लिहून घ्या.

इम्प्लांट असताना एमआरआय चालतो का?
*एक वाचक, नाशिक*

चालतो. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही, फक्त जबड्याजवळचे चित्र थोडे बिघडते. कवळी चुंबकावर बसत असेल तर मात्र ती काढून ठेवा आणि हाडात काय बसवले आहे ते तंत्रज्ञाला आधी सांगा.