गेम रखडला, तर कोडवरचा हक्क उरतो का?

नाशिकच्या एका वाचकाने आपली अडचण सविस्तर कळवली आहे. नोकरी सांभाळून त्यांनी मित्राच्या साथीने एक छोटा ऑनलाइन गेम तयार केला. अंदाजपत्रक अकरा लाखांचे होते: सर्व्हर व नेटवर्कच्या कोडसाठी साडेचार लाख, चित्रांसाठी तीन लाख, ध्वनीसाठी साठ हजार, सर्व्हरच्या भाड्यासाठी एक लाख, जाहिरातीसाठी दीड लाख आणि किरकोळ खर्चासाठी चाळीस हजार. कोड लिहिणाऱ्या फ्रीलान्सरबरोबर ३ एप्रिल २०२४ रोजी एकपानी करार झाला, त्यात ‘या कामाचे सर्व हक्क गेमच्या मालकाकडे राहतील’ असे वाक्य होते. गेम नऊ महिन्यांत बाजारात यायचा होता. मध्येच पैसे संपले, काम रखडले आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर डेमो आला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. आता फ्रीलान्सर म्हणतो की करार संपुष्टात आला असून कोड पुन्हा त्याचा झाला आहे, विक्रीतला पंचवीस टक्के वाटा द्या, नाहीतर गेम उतरवायला लावतो. पूर्ण मोबदला चुकता केल्यावरही त्याला असे करता येते का, असा वाचकांचा प्रश्न आहे.

या धर्तीची पत्रे इतकी येतात की पैसे दिले म्हणजे कॉपीराइट मिळतो हा समज खोडण्यात जागा घालवत नाही. फ्रीलान्सर हा आपला नोकर नव्हता, त्यामुळे कोडचा पहिला मालक तोच, आणि आपला हक्क त्या एका पानावर अवलंबून आहे. त्या पानात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले, हे इथे निर्णायक ठरते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ चे पोटकलम (४) असे सांगते की ज्याच्या नावे हक्कांचे अभिहस्तांकन झाले, म्हणजे हक्क लिहून दिले गेले, त्याने अभिहस्तांकनाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत ते हक्क वापरले नाहीत, तर त्या हक्कांपुरते अभिहस्तांकन व्यपगत झाले, म्हणजे संपुष्टात आले, असे मानले जाते. मात्र करारात वेगळे नमूद केले असेल तर ही तरतूद लागू होत नाही. म्हणजे ‘वर्षभरात वापर न झाल्यासही हक्क कायम राहतील’ एवढे एक वाक्य करारात असते, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आपल्यावर आली नसती. जाहिरातीसाठी दीड लाख बाजूला काढणाऱ्या अंदाजपत्रकात करारनाम्यासाठी एक रुपयाही नसावा, याचे मला नेहमीच नवल वाटते. गेमचे काम लांबते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच हे वाक्य गेमच्या करारात सर्वांत आधी यायला हवे.

तरीही फ्रीलान्सर म्हणतो तितकी आपली बाजू लंगडी नाही. हक्क ‘वापरणे’ म्हणजे गेम विक्रीला काढणेच, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. कलम १४ प्रमाणे कृतीची प्रत काढणे हा कॉपीराइटमधला हक्क आहे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात ती साठवणेही त्यातच येते. ३ एप्रिल २०२५ पूर्वी आपण तो कोड स्वतःच्या सर्व्हरवर चढवला असेल, त्यात फेरफार केले असतील, जानेवारी २०२५ मध्ये ओळखीच्या खेळाडूंकडून जी चाचणी करून घेतल्याचे आपण लिहिता तिच्यासाठी बिल्ड, म्हणजे गेमच्या चालवून पाहण्याजोग्या प्रती, वाटले असतील, तर निदान त्या हक्कांचा वापर मुदतीत झाला, असे ठामपणे मांडता येते. सार्वजनिक प्रसारणाच्या हक्काबाबत मात्र हाच युक्तिवाद टिकेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण व्यपगत होणे हे ‘त्या हक्कांपुरते’ असते.

त्यासाठी पुरावा आजच गोळा करावा. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीतील नोंदी, सर्व्हरची बिले, चाचणीची निमंत्रणे, बिल्डच्या तारखा हे सर्व मूळ स्वरूपात जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढून मूळ खाते बंद करण्याचा उद्योग करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते ऐनवेळी मिळवताना पक्षकारांची जी धावपळ होते ती टाळता येण्याजोगी असते.

कालगणनेचा मुद्दाही आहे. करार झाला तेव्हा कोड अस्तित्वातच नव्हता, आणि भविष्यात निर्माण होणाऱ्या कृतीचे अभिहस्तांकन कलम १८ प्रमाणे ती कृती निर्माण झाल्यावरच अमलात येते. कोड सप्टेंबर २०२४ मध्ये हाती आला असल्याने वर्ष तेथून मोजावे, असे म्हणता येईल. न्यायालय ते मान्य करीलच असे नाही, आणि केवळ या मुद्द्यावर विसंबून राहू नये.

समजा, या सर्वांतून आपण निभावून गेलात, तरी त्याच कलमाची पोटकलमे (५) आणि (६) पुढे उभी आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये पाइन लॅब्स विरुद्ध जेमाल्टो या प्रकरणात सॉफ्टवेअरच्या हक्कांना नेमका हाच नियम लावला होता, आणि पाच वर्षांनंतर हक्क मूळ निर्मात्याकडे परत गेले. आपला गेम स्टीमवर, म्हणजे जगभर, विकला जाणार आहे. भारताबाहेरच्या विक्रीसाठी आपल्याकडे आजही पक्का कागद नाही, हे फ्रीलान्सरच्या अद्याप लक्षात आलेले दिसत नाही.

फ्रीलान्सरचे खरे बळ न्यायालयात नाही. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह ही अमेरिकी कंपनी असून तेथील कायद्यानुसार तक्रार गेल्यास गेम खाली उतरू शकतो. प्रतिसूचना, म्हणजे तक्रारीला आपले औपचारिक उत्तर, देऊन तो परत येईपर्यंत साधारणतः कामकाजाचे दहा ते चौदा दिवस जातात. प्रकाशनाच्या आठवड्यात असे घडले तर पुढे खटला जिंकूनही फारसा उपयोग नाही. इकडे आपण दावा लावायचे म्हटले, तर वाणिज्यिक न्यायालयात तातडीचा अंतरिम आदेश मागितल्याखेरीज आधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे, तिला तीन महिने आणि संमतीने आणखी दोन लागू शकतात, आणि त्यानंतरच्या तारखांविषयी न बोललेले बरे.

म्हणून तडजोड करावी, पण टक्केवारीवर नव्हे. स्टीम विक्रीतून तीस टक्के कापून घेते. शंभर रुपयांतले सत्तर उरतात. त्याला एकूण विक्रीवर पंचवीस टक्के दिले, तर आपल्या हाती पंचेचाळीस राहतात आणि त्यातूनच परतावे, अमेरिकेतील विक्रीवर कापला जाणारा कर व सर्व्हरचे भाडे भागवावे लागते. एकरकमी मोबदला देऊन नवे अभिहस्तांकन करून घ्यावे. वाटा द्यावाच लागला तर तो निव्वळ उत्पन्नावर असावा, ‘निव्वळ’ची व्याख्या दस्तात असावी आणि त्यावर कमाल मर्यादा असावी. दस्तात कृतीचे वर्णन, कॉपीराइटची संपूर्ण मुदत, जगभरचा प्रदेश, मोबदला आणि पोटकलम (४) लागू न होण्याचे वाक्य असावे, शिवाय आजवरच्या वापराला मान्यताही घ्यावी. योग्य मुद्रांक लावा, अन्यथा दंड भरेपर्यंत दस्त पुराव्यात घेतला जाणार नाही. दरम्यान व्हॉट्सॲपवर त्याला ‘तुझे बरोबर आहे, पण’ अशा थाटाचे काहीही लिहू नका. त्याची मागणी अवाच्या सव्वा निघाली, तर नव्या माणसाकडून जुना कोड न दाखवता सर्व्हरचा भाग लिहून घेण्याचा खर्च विचारून ठेवा. तो आकडा वाटाघाटीत कामी येतो.

जीएसटीबाबत सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर जाईपर्यंत नोंदणीची घाई सहसा नसते, परंतु परदेशातून येणारे उत्पन्न कसे धरायचे हे सनदी लेखापालाला विचारावे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. आपला गेम एकदाच किंमत घेऊन विकला जाणार असल्याने तो त्यात बसत नाही, असे आपल्या वर्णनावरून वाटते. खेळात जिंकलेल्या नाण्यांचे पैसे करून देण्याची सोय ठेवणार असाल, तर मात्र आधी विचारा.

चित्रकाराचा कागदही त्याच नमुन्यावरून केलेला आहे आणि त्यावर तारीखही नाही, असे आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा नियम वेगळा आहे, पण गेममधली सगळीच चित्रे त्यात मोडतील हे गृहीत धरू नये. त्याच्याशी आपले संबंध अजून चांगले आहेत. फ्रीलान्सरला उत्तर पाठवण्यापूर्वी, याच आठवड्यात, चित्रकाराकडून तारखेसह नव्या दस्तावर सही घ्या.