ऑनलाइन गुणांचे ओझे

करोनामुळे बंद असलेली राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली आणि फेब्रुवारीपासून वर्ग पूर्ववत भरू लागले. त्यानंतर ठाण्यात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांची तक्रार शब्द बदलून एकच असे : ऑनलाइन परीक्षेत घरी बसून चांगले गुण मिळवणारे मूल आता वर्गात जाणे का टाळते? आळस, मोबाइल, संगत ही उत्तरे ते घरूनच घेऊन येत. माझ्या अनुभवात ती क्वचितच खरी ठरली.

ऐरोलीचा एक मुलगा, त्याला समीर म्हणू, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेल्याचे पत्र घरी आले, तेव्हा आई त्याला घेऊन आली. “मॅडम, हा रोज डबा घेऊन निघतो, ठाण्याची लोकल पकडतो. मग हा जातो कुठे?” तो ठाण्यातल्या तलावपाळीवर बसून राहत असे.

पुढच्या भेटीला मी त्याला हिशेबशास्त्राची वही आणायला सांगितले. पहिली काही पाने सुबक अक्षरात भरलेली होती. त्यानंतर भागीदारांच्या भांडवल खात्याचा तक्ता पट्टीने आखलेला होता आणि नावे व जमा या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

“इथे काय झालं?”

“सर एकेकाला फळ्यावर बोलवायला लागले.”

“तुला बोलावलं असतं तर?”

“सगळ्यांना कळलं असतं, की पहिल्या वर्षाचे ८८ टक्के माझे नाहीत.”

ऑनलाइन परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे त्याने वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून घेतली होती. मी विचारले, “ग्रुपवरून आणखी कोणी घेतली?”

“जवळजवळ सगळ्यांनीच.”

“म्हणजे ज्यांना कळेल म्हणून तू घाबरतोस, त्यांना ते आधीच ठाऊक आहे.”

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग चक्क हसला. त्या दिवसापर्यंत हे त्याला सुचलेच नव्हते, कारण परीक्षा प्रत्येकाने आपापल्या खोलीत एकट्याने दिली होती आणि गुपितही एकट्यानेच सांभाळले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी भिस्त आहे. माणूस प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने अधिक बेजार होतो, हे त्यांचे म्हणणे. ‘मला आलेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा समीरचा हट्ट होता. तो नेमका ओळखता आला, याचे समाधान मला आजही वाटते.

आईसमोर त्याने हे सांगितले, तेव्हा ती रागावली ती गुणांवरून नव्हे, तर रोजच्या डब्याच्या खोटेपणावरून, आणि ते योग्यच होते. त्यानंतर त्याला करायचे होते एकच : सरांना भेटून “मला मागच्या वर्षाचे हिशेब येत नाहीत” एवढे वाक्य म्हणायचे. सरांनी वर्गात विचारले, तेव्हा तशी मुले बरीच निघाली आणि शनिवारी मूलभूत भागाची उजळणी सुरू झाली. समीरचा एक विषय त्या सत्रात राहिला, पण वर्ग सुटला नाही.

हे एका तुकडीपुरते नव्हते. २०२१ ची बारावीची परीक्षाच रद्द झाली, राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला आणि त्यांतील अनेक मुले ‘आमचे गुण खरे नाहीत’ हे मनात घेऊनच महाविद्यालयात आली. अशा मुलाला “आज गेलास का?” असे विचारण्यापेक्षा “कुठला धडा अडतोय?” असे विचारावे. गुणांचे कौतुक शेजाऱ्यांसमोर काही काळ थांबवले तरी बिघडत नाही. शिवाय ज्यांची उत्तरे दीर्घकाळ माऊसच्या क्लिकवर भागली, त्यांना अडीच-तीन तासांचा पेपर लिहिण्याची सवय उरलेली नसते. घड्याळ लावून रोज अर्धा तास हाताने लिहिल्याने ती परत येते. मात्र झोप व भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा तोंडी येत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.

प्राध्यापकांना माझी एक विनंती असते. हजेरीचे पत्र पाठवण्याआधी संपूर्ण वर्गाकडून, नाव न लिहिता, न समजलेला भाग कागदावर लिहून घ्यावा. त्या चिठ्ठ्या वर्गातच वाचून दाखवल्या, तर मागच्या बाकावरच्याला फळ्यापर्यंत येणे बरेच सोपे जाते.