चार्टर जेट हवेत असताना ऑक्सिजन मास्कच बिघडला तर एकट्या केबिन क्रूने काय करायचं?

तुम्ही जालन्याच्या आहात, चार्टर कंपनीत नुकतीच निवड झाली आहे आणि केबिनमध्ये तुम्ही एकट्याच असणार, म्हणून ही काळजी. मी छत्रपती संभाजीनगरची, बरीच वर्षं हेच काम करते. जे करत आले तेच सांगते.

मास्क खाली आला की केबिनमधल्या हवेचा दाब गेला असंच धरायचं. नुसता बिघाड आहे की खरं संकट, हे मागाहून बघायचं. जवळचा मास्क ओढून आधी स्वतःला लावा. ४०,००० फुटांवर दाब गेला तर माणूस भानावर राहतो जेमतेम १५ ते २० सेकंद, झटक्यात गेला तर त्याहूनही कमी. शिवाय ऑक्सिजन कमी पडतोय हे ज्याचं त्याला कळत नाही, पुष्कळांना उलट मजेत असल्यासारखं वाटतं. मला सगळ्यात भीती वाटते ती याचीच. २५ ऑक्टोबर १९९९ ला गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांना घेऊन ऑरलँडोहून डॅलसला निघालेल्या लिअरजेट ३५ चा दाब गेला आणि वैमानिकांना ऑक्सिजन मिळाला नाही. ते विमान कित्येक तास तसंच उडत राहिलं आणि साउथ डकोटात कोसळलं. सहाही जण गेले.

दिल्लीहून चिकलठाण्याला, म्हणजे आमच्या संभाजीनगरच्या विमानतळावर, येताना एकदा आमच्या विमानात एकाच खुर्चीवरच्या मास्कच्या कप्प्याचं झाकण उघडलं आणि मास्क लोंबायला लागला. बाकी सगळी झाकणं बंद. मी मास्क लावूनच इंटरकॉमवर कॅप्टनना कळवलं. कॅप्टन आणि सहवैमानिक दोघांनीही आधी आपापले मास्क चढवले, मगच केबिन अल्टिट्यूड पाहिलं, म्हणजे केबिनमधला दाब किती उंचीवरच्या हवेइतका आहे तो आकडा. ते ६,००० फुटांच्या आसपास स्थिर होतं, अलार्मही नव्हता. म्हणजे दोष झाकणाच्या खटक्यात होता. त्या खुर्चीवरचे साहेब म्हणाले, "अहो ताई, द्या ना दाबून वर!" मी दाबलं नाही. मास्क आणि नळी ठरलेल्या घडीनेच भरावी लागते आणि ते इंजिनिअरचं काम आहे. कसंतरी कोंबलं तर खऱ्या वेळी नळी अडकते. साहेबांना दुसऱ्या खुर्चीवर बसायची विनंती केली. नाराज झाले, पण उठले. अशा वेळी प्रवासी कितीही मोठा असो, आपण नम्रपणे पण ठाम राहायचं.

उतरल्यावर कॅप्टननी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, नोंद केली. कोणतं साधन बंद असताना, कोणत्या अटीवर उडता येतं हे एमईएल नावाच्या यादीत लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे ती खुर्ची बंद ठेवून, तिच्यावर तशी पट्टी लावून आम्ही परत गेलो. "नंतर लिहू" म्हणणारा कोणी भेटला तर ऐकू नका.

याच्या उलटही होतं. दाब खरंच गेलाय आणि एखादं झाकण उघडतच नाही. तेव्हा त्याच्याशी झटापट करत बसू नका. कॉकपिटमधून मास्क सोडायचा वेगळा स्विच असतो, बऱ्याच विमानांत झाकणाच्या बारीक भोकात पिन घालूनही ते उघडतं, आणि हाताशी ऑक्सिजनची पोर्टेबल बाटली असतेच. मास्क खाली ओढला की दोरीची पिन निघते आणि ऑक्सिजन सुरू होतो. पिशवी फुगली नाही तरी तो येत असतो. हे प्रवाशांना ओरडून सांगा, नाहीतर ते मास्क काढून टाकतात.

तोवर कॅप्टन विमान वेगाने १०,००० फुटांवर आणतात, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. आपल्या भागात त्याला डोंगर आडवे येत नाहीत. कळसूबाई हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तेही ५,४०० फुटांच्या आसपास. लेहच्या बाजूला ही सोय नाही, तिथले उतरायचे मार्ग आधीच आखावे लागतात. विमान खाली जाताना नाक चांगलंच झुकतं, म्हणून दिसेल त्या खुर्चीत बसून पट्टा लावा. चालत मदत करायला जाऊ नका.

मास्कसारखंच अग्निशामकही बिघडलेलं असू शकतं, पण त्याचं दुखणं जमिनीवरच पकडायचं. काटा हिरव्या पट्ट्यात नसेल किंवा सील तुटलं असेल तर दार लावायच्या आधी कॅप्टनना सांगा. हवेत कुणाचा फोन पेटला तर आधी अग्निशामकातला हॅलॉन वायू मारा, मग त्यावर भरपूर पाणी ओता. बर्फ ठेवू नका, बर्फाने आतली उष्णता कोंडते.

आणि प्रशिक्षणात नुसता व्हिडिओ दाखवून भागवत असतील तर आग्रह धरा, ज्या विमानावर जाणार त्याच विमानाचं झाकण तुमच्या हाताने पिन घालून उघडायला द्या म्हणा. खटका प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.